अर्धतरंग उभा अँटेना : जोडणी व संरोधमेळ

तरंगलांबीच्या सुमारे निम्म्या लांबीच्या उभ्या तारेला किंवा नळीला खालच्या टोकाशी ऊर्जा देऊन तिचा संरोध (इम्पीडन्स, म्हणजे उलटसुलट प्रवाहाला होणारा विरोध) कोअ‍ॅक्सच्या (रेडिओ व अँटेना जोडणाऱ्या कवचयुक्त केबलच्या) ५० ओहमशी जुळवण्याची पद्धत.

या जोडणीचा उगम बहुधा हान्स बेगेरो यांच्या, झेपेलिन हवाईजहाजांसाठीच्या १९०९ च्या सुमाराच्या जर्मन पेटंटात मानला जातो. त्यातली पावतरंग (तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी) समांतर तारजोडी आजच्या जे-पोल या इंग्रजी J आकाराच्या अँटेनातही आहे. ऑस्ट्रियाच्या योझेफ फुक्स यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात समांतर अनुस्पंदी मंडल (ठरावीक कंप्रतेला जुळणारे वेटोळे व धारित्र, म्हणजे कपॅसिटर) थेट तारेच्या टोकाशी जोडले. सध्याच्या पेटीबंद संरोधमेळाला काही जण झेपेलिनवरून सरसकट ‘झेप’ म्हणतात. मंडलाची रचना पाहता तो फुक्स यांच्या घराण्यातला ठरतो.

टोकाचा संरोध साधारण २,००० ते ५,००० ओहम असतो, जाड नळीत कमी. २० मीटर तरंगलांबीच्या हौशी रेडिओ पट्ट्यासाठी तार सुमारे १० मीटर लागते. टी-२००-२ या लाल टोरॉइडवर (लोहचूर्णाच्या कड्यावर) १५ फेरे, समांतर ४७ पिकोफॅरड धारित्र आणि थंड टोकाशी (तारेच्या विरुद्ध, कमी दाबाच्या बाजूला) कोअ‍ॅक्सकडचा २ फेऱ्यांचा दुवा घेतल्यास मंडल १४.१ मेगाहर्ट्झजवळ अनुस्पंदते व सुमारे २,८०० ओहमशी मेळ बसतो. आधी तारेऐवजी २.७ किलोओहमचा कार्बन रोध लावून फेरे दाबून-पसरवून एसडब्ल्यूआर (संरोध किती जुळला ते दाखवणारे स्थायी तरंग गुणोत्तर) किमान करावा. मगच तार जोडून तिची लांबी छाटावी. दोन्ही एकदम बदलल्यास चूक कुठे आहे ते कळत नाही. १०० वॉटला या टोकाशी शिखर दाब ७५० व्होल्टपर्यंत जातो, म्हणून साधे ५०० व्होल्टचे धारित्र फुटते.

‘याला जमीन (भूजोडणी) लागत नाही’ हे विधान अर्धेच खरे आहे. परतीच्या प्रवाहाला वाट हवीच. ती दिली नाही, तर कोअ‍ॅक्सचे कवच ती वाट होते आणि मायक्रोफोनला हात लागताच झटके बसतात. थंड टोकाला सुमारे १ मीटर तार आणि फेराइट कड्यावर कोअ‍ॅक्सचे १० ते १२ फेरे पुरतात.

सोलापूरच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल बदलते. पावतरंग अँटेनाच्या जमिनीतल्या तारांची कामगिरीही त्याबरोबर बदलते. अर्धतरंगात प्रवाह मध्यावर सर्वाधिक असल्याने पायथ्याशी जमिनीत होणारा ऊर्जेचा ऱ्हास कमी, म्हणून स्लॅबच्या गच्चीवर तो सोयीचा. मात्र दूरवरच्या जमिनीवरून होणारे परावर्तन टळत नाही. पायथ्याच्या विसंवाहकावर उन्हाळ्यात बसलेली धूळ पहिल्या वळवात ओली होऊन गळती होते आणि एसडब्ल्यूआर सरकतो. तो भाग आधीच पुसावा. वीज कडाडू लागण्याआधी कोअ‍ॅक्स काढून घराबाहेर भूयोजित ठेवावा.