अनवट तबकड्यांचा संग्रह

ध्वनिमुद्रणाच्या रूढ चाकोरीबाहेर तयार झालेल्या जुन्या तबकड्या शोधणे, त्या वाजत्या ठेवणे आणि त्यांची माहिती नोंदवून ठेवणे, असा हा छंद आहे. सामान्य रेकॉर्डसंग्राहक गायक, राग किंवा नाटक पाहून तबकडी घेतो. इथे मात्र ती कशाची बनली, तिच्यावर खाच कशी कोरली आणि ती किती वेगाने फिरते, हे आधी पाहिले जाते. लाखेची, दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी आपल्या इतकी ओळखीची झाली की ती पहिल्यापासून तशीच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिला अनेक प्रतिस्पर्धी होते. त्यांतले बहुतेक हरले, आणि त्या हरलेल्यांचा पुरावा आज मुख्यतः अशा संग्रहांतच सापडतो.

तबकडीची सुरुवातच खेळण्यातून झाली. ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर यांच्या पाच इंची तबकड्या १८९० च्या सुमारास जर्मनीतील एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रासह विकल्या. १९०३ मध्ये कोलोनच्या श्टोलवेर्क कंपनीने मुलांच्या ग्रामोफोनसाठी चक्क चॉकलेटच्या तबकड्या काढल्या. ऐकून झाले की खाऊन टाकायच्या. त्यामुळे त्या फारशा उरल्या नाहीत, यात नवल नाही. लाखेला स्वस्त व न फुटणारा पर्याय शोधण्याचे प्रयत्नही त्याच काळात सुरू झाले. इंग्लंडच्या निकोल कंपनीने पुठ्ठ्यावर सेल्युलॉइडचा थर दिलेल्या तपकिरी तबकड्या काढल्या. या कंपनीने भारतातही ध्वनिमुद्रणे केली, त्यामुळे जुन्या भारतीय संगीताच्या अभ्यासकाला त्यांचे दुहेरी मोल आहे. पुढे १९३० ते १९३२ या मंदीच्या वर्षांत अमेरिकेत ‘हिट ऑफ द वीक’ या नावाने कागदावर राळेचा थर दिलेल्या तबकड्या वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर १५ सेंटला मिळत.

खाचेशी केलेले खेळ हा या संग्रहाचा सर्वांत मनोहर भाग. नेहमीच्या तबकडीच्या एका बाजूवर एकच लांबलचक सर्पिल खाच असते. ‘कोड्याच्या तबकडी’वर दोन-तीन खाचा एकमेकींना समांतर कोरलेल्या असत. सुई कडेला जिथे टेकेल त्यावर कोणते गाणे लागणार हे ठरे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी अशा तबकड्या बाजारात आल्या. नंतर याच युक्तीने घोड्यांच्या शर्यतींचे खेळ निघाले. प्रत्येक खाचेत वेगळा घोडा जिंकतो आणि घरबसल्या पैजा लागतात. फ्रान्सच्या पाते कंपनीने वेगळाच मार्ग धरला. तिच्या जुन्या तबकड्यांत सुई मध्यापासून कडेकडे जाई आणि आवाज खाचेच्या बाजूंवर नव्हे, तर तिच्या तळाच्या चढउतारांत नोंदलेला असे. त्या नेहमीच्या पोलादी सुईने वाजवल्या तर खाच बिघडते. त्यांना गोलसर टोकाचे नीलमणी खडे लागतात.

सर्वांत मोठी अडचण वेळेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे ख्यालगायकांनाही विस्तार आवरता घेऊन गावे लागले. इंग्रज संशोधक नोएल पेम्बर्टन बिलिंग यांनी १९२२ च्या सुमारास यावर ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ ही तोड काढली. स्थिर गतीच्या तबकडीत कडेची खाच सुईखालून झपाट्याने सरकते आणि आतली सावकाश, म्हणजे कडेची बरीच जागा वाया जाते. बिलिंग यांची तबकडी आधी मंद फिरे आणि सुई आत सरकेल तसा तिचा वेग वाढे. त्यासाठी यंत्राला वेगळा नियंत्रक जोडावा लागे. लोकांना ती कटकट वाटली आणि योजना काही वर्षांतच बुडाली. कल्पना मात्र पक्की होती. साठ वर्षांनी आलेली सीडी याच तत्त्वावर फिरते. एडिसन यांनी १९२६ मध्ये इंचाला ४५० खाचा कोरून बारा इंची तबकडीच्या दोन बाजूंत मिळून ४० मिनिटे बसवली. आवाज क्षीण येई, नाजूक खाचा लवकर खराब होत, आणि तीही मागे पडली. टिकाऊ दीर्घवादन तबकडी, म्हणजे एल.पी., अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली.

काही तबकड्या गरजेपोटी जन्मल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये बंदी घातलेले जाझ आणि परागंदा रशियन गायकांची गाणी रुग्णालयांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर चोरून कोरली जात. उजेडात धरल्यावर खाचांमागे बरगड्या दिसतात. आवाज खरखरीत आणि आयुष्य थोडे, तरी त्या विकत घेणारे होते आणि त्या कोरल्याबद्दल तुरुंगात गेलेलेही होते. माझ्या मते या साऱ्या संग्रहात याहून मोलाची वस्तू नाही. भूतानने १९७३ मध्ये काढलेली गोल, चिकटवता येणारी ‘बोलकी’ टपाल तिकिटे याच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहेत. परदेशी संग्राहकांकडून देशाला पैसा मिळावा, या हेतूने अमेरिकी व्यावसायिक बर्ट टॉड यांनी ती कल्पना राबवली. तबकडीसारखी वाजवली की त्यांवर राष्ट्रगीत, लोकगीते आणि देशाचा इतिहास ऐकू येतो, आणि तिकीटसंग्राहकही त्यांच्यावर तेवढाच हक्क सांगतात.

अशी वस्तू हाती आली की पहिला नियम म्हणजे लगेच वाजवायची नाही. खाचेची जात, वेग आणि दिशा आधी ओळखावी लागते. जुन्या ७८ च्या रुंद खाचेला एल.पी.ची बारीक सुई चालत नाही. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्या, दमट हवा टाळावी. पुठ्ठ्याच्या तबकड्या वाकतात, त्यांना सपाट आधार लागतो. लेबल, त्यावर साल नसल्यास त्यालगत कोरलेला क्रमांक, मूळ पाकीट आणि सोबतचे यंत्र यांची नोंद तबकडीइतकीच महत्त्वाची, कारण नियंत्रकाशिवाय ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ नीट ऐकता येत नाही. भारतातील जुन्या तबकड्यांच्या अशा नोंदी मुंबईच्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या १९९० मध्ये सुरू झालेल्या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून छापल्या. फुटलेल्या किंवा सुई टेकवण्याजोग्या न राहिलेल्या तबकड्यांसाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि सहकाऱ्यांनी खाचांची सूक्ष्म छायाचित्रे घेऊन त्यांतून संगणकाने आवाज उभा करण्याची पद्धत विकसित केली आहे. तिच्यात तबकडीला स्पर्शही करावा लागत नाही.