भट्टीत ठरणारी अतिसंवाहकता : इलेक्ट्रॉन-डोपिंगवाल्या क्युप्रेटची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या दूध उत्पादकाला द्रव नायट्रोजन नवा नाही. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ज्या कॅनमधून गोठ्यापर्यंत येतात, त्यात तोच असतो. तापमान उणे १९६ अंश सेल्सियस, म्हणजे ७७ केल्विन. १९८७ साली सापडलेले इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड ९३ केल्विनच्या आसपासच अतिसंवाहक होते, म्हणजे त्याचा विद्युतरोध शून्य होतो. त्यामुळे असा कॅन हाताशी असला की खानदेशातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही चुंबक तरंगवून दाखवता येतो. तांबे-ऑक्सिजनचे थर असलेल्या अशा संयुगांना क्युप्रेट म्हणतात. त्यांच्या ज्या शाखेबद्दल इथे लिहितो आहे, ती इलेक्ट्रॉन-डोपिंगवाली, म्हणजे दुसरे अणू मिसळून जादा इलेक्ट्रॉन दिलेली. तिला मात्र हा कॅन पुरत नाही. ती २४ केल्विनच्या आसपास वश होते आणि तिथवर उतरायला सहसा हेलियमच लागतो.

सुरुवात १९८६ची. झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दिसली. पुढच्याच वर्षी नोबेल. या कुळाचे मूळ संयुग मात्र विद्युतरोधक असते आणि त्यात शेजारशेजारच्या तांब्याच्या अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांचे अणूएवढे चुंबक, उलटसुलट दिशांना असतात. हे प्रतिलोहचुंबकत्व. लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्ये ते सुमारे ३२५ केल्विनपर्यंत, म्हणजे ५२ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. भुसावळचा मे महिनाही त्याला मोडू शकत नाही! पण लँथॅनमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम घालून इलेक्ट्रॉन काढून घेतले, की ही घडी दोनेक टक्क्यांतच विस्कटते.

१९८९ साली टोकियोत तोकुरा, ताकागी आणि उचिदा यांनी उलटी वाट धरली. निओडायमियम कॉपर ऑक्साइडमध्ये निओडायमियमच्या जागी थोडे सिरियम घातले. सिरियम एक इलेक्ट्रॉन जास्त देते. चुंबकत्व इथे हट्टी निघाले. जादा इलेक्ट्रॉन तांब्यावर बसतो आणि त्या अणूचा स्पिन नाहीसा करतो, पण बाकीच्यांची रचना तशीच राहते. इलेक्ट्रॉन काढला, तर उरलेली पोकळी मुख्यतः ऑक्सिजनवर बसते आणि शेजारच्या तांब्यांचे आपसातले नातेच बिघडवते. म्हणून सिरियमचे प्रमाण (तांब्याच्या दर अणूमागे सिरियमचे अणू) ०.१३च्या पुढे जाईपर्यंत चुंबकीय रचना दिसत राहते आणि उत्तम अतिसंवाहकता ०.१५ला मिळते. दोघांच्या सीमा इतक्या लगत, की दोन्ही एकत्र नांदतात का, हा वाद अटळच होता.

माझ्या मते या वादाचे खरे मूळ सिद्धान्तात कमी आणि भट्टीत जास्त आहे. भट्टीतून निघालेला नमुना अतिसंवाहक नसतोच. तो पुन्हा ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात तापवावा लागतो, आणि त्यातून निघून जाणारा ऑक्सिजन इतका थोडा असतो की तो नेमका कुठून गेला हे ठरवणेही अवघड. २००३मध्ये चुंबकीय क्षेत्र लावल्यावर अशा नमुन्यात प्रतिलोहचुंबकीय संकेत वाढल्याचे ‘नेचर’मध्ये छापून आले. अतिसंवाहकता दबली की चुंबकत्व डोके वर काढते, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसऱ्या गटाने दाखवले, की याच तापवण्यात निओडायमियम ऑक्साइडचा एक उपपदार्थ स्फटिकाच्या आत तयार होतो. त्याच्या अणूंची जाळी मूळ जाळीशी अशी जुळते, की न्यूट्रॉन प्रकीर्णनात (नमुन्यावर न्यूट्रॉन आदळवून ते कुठे विखुरतात हे पाहण्यात) त्याचे संकेत नेमके त्याच जागी येतात. दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले. निओडायमियम स्वतः चुंबकीय असल्याने मोजमापे आणखीच गढूळ होत.

२००७मध्ये स्टॅनफर्डशी संबंधित गटाने न्यूट्रॉन वापरून निष्कर्ष काढला, की दूरवर पसरलेली खरी चुंबकीय रचना ०.१३४च्या सुमारास, अतिसंवाहकता सुरू होते तिथेच, संपते. त्यापुढे दिसते ती नीट न तापवल्या गेलेल्या भागांची. त्यानंतर जपानी गटांनी पातळ थर इतक्या काळजीने तापवले, की सिरियम अजिबात न घालताही ते अतिसंवाहक झाले. तो थर खरेच डोपिंगविना आहे, की निघून गेलेल्या ऑक्सिजननेच मागे इलेक्ट्रॉन सोडले आहेत, यावर मतभेद झाले.