वायुयुक्त शीतपेये

पाण्यात दाबाखाली कार्बन डायॉक्साइड विरघळवून त्यात साखर, आम्ल व स्वाद मिसळून केलेली मद्यार्करहित पेये. झाकण उघडताच दाब उतरतो, वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि पेय फसफसते. जिभेला बसणारा झणका मात्र मुख्यतः बुडबुड्यांचा नसतो, तो वायूपासून बनणाऱ्या कार्बॉनिक आम्लाचा असतो. हवेचा दाब वाढवून बुडबुडे होऊ दिले नाहीत, तरी तो जाणवतोच.

जर्मनीतील सेल्टर्ससारख्या झऱ्यांचे फसफसते पाणी लोक औषध म्हणून पीत. तसे पाणी घडवण्याचा मान जोसेफ प्रीस्टली यांच्याकडे जातो. इंग्लंडमधील लीड्स येथे ते बिअरच्या कारखान्याशेजारी राहत. १७६७ साली त्यांनी आंबणाऱ्या पिंपावरच्या वायूत पाणी धरून ते वायुयुक्त केले आणि १७७२ मध्ये आपली कृती छापून सर्वांना खुली केली. धंदा उभारला तो जिनिव्हाच्या याकोब श्वेप यांनी, १७८३ मध्ये.

वायू मिसळणे जमले, तरी तो कोंडून ठेवणे अवघड होते, आणि या पेयांचा इतिहास बराचसा झाकणांचाच आहे. बूच वाळले की आकसते व वायू निसटतो. म्हणून काही बाटल्यांचे बूड मुद्दाम गोलाकार करीत. अशी बाटली उभी राहतच नाही, आडवी पडते आणि बूच ओले राहते. १८७२ मध्ये हायरम कॉड यांनी मानेत काचेची गोटी घातली. बाटली उलटी धरून भरली की गोटी तोंडाशी येई आणि आतला वायूच तिला रबरी कड्यावर घट्ट दाबून धरी. ज्याने निसटायचे, त्यालाच राखणीला बसवणारी ही युक्ती फार देखणी आहे. पुढे १८९२ मध्ये विल्यम पेंटर यांचे कडेला चुण्या असलेले पत्र्याचे झाकण आले. ते स्वस्त होते, यंत्राने बसे, आणि बाटली दूरच्या गावी पोचेपर्यंत वायू टिके.

अमेरिकेत या पेयांची गोडी औषधांच्या दुकानांतून पसरली. कोका-कोला (१८८६) आणि पुढे पेप्सी-कोला या नावाने खपलेले पेय (१८९३) ही दोन्ही औषधविक्रेत्यांनीच तयार केली. आज आरोग्याचा प्रश्न उलटा झाला आहे: ३३० मिलिलिटर कोलात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. मेक्सिकोने २०१४ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये साखरयुक्त पेयांवर कर बसवला. ब्रिटनचा कर साखरेच्या प्रमाणावर ठरत असल्याने अनेक उत्पादकांनी तो लागू होण्याआधीच साखर कमी केली.