ऑस्टिओपाँटिन

ऑस्टिओपाँटिन : पेशींमधून बाहेर स्रवणारे, फॉस्फेट व शर्करा जोडलेले एक आम्लधर्मी प्रथिन. हाडांची जडणघडण, जखम भरून येणे आणि प्रतिकारशक्ती यांत त्याचा वाटा असतो. संशोधकांचे लक्ष त्याकडे सर्वाधिक वेधले गेले ते मात्र कर्करोगाच्या प्रसारातील भूमिकेमुळे. ही भूमिका उलगडण्याचे महत्त्वाचे काम पुण्यात, गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झाले.

प्रथिन म्हटले की आपल्याकडे डाळ, अंडी, पनीर डोळ्यांसमोर येते. म्हणून आधीच सांगितले पाहिजे की कर्करोगाच्या गाठीतले ऑस्टिओपाँटिन ताटातून येत नाही. गाठीतल्या पेशी आणि त्यांच्या शेजारच्या पेशी ते स्वतः तयार करतात. आहारातली प्रथिने तोडून ते कमी होत नाही. उलट उपचार चालू असताना शरीराची झीज भरून काढायला पुरेशी प्रथिने लागतातच. घरच्यांनी काळजीपोटी रुग्णाची डाळ बंद करू नये, एवढ्यासाठी हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते.

या प्रथिनाचा शोध दोन वेगळ्या वाटांनी लागला. १९७९ मध्ये डोनाल्ड सेंगर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की कर्करोगी वळण घेतलेल्या पेशी भोवतालच्या द्रवात काही ठरावीक फॉस्फेटयुक्त प्रथिने सोडतात. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यास स्वीडनमधील लुंड येथे डिक हाइनेगोर्ड यांच्या गटाने हाडातून एक प्रथिन वेगळे केले. हाडातल्या पेशी आणि खनिज यांना जोडणारा पूल, अशा अर्थाने त्याचे ‘ऑस्टिओपाँटिन’ हे नाव रूढ झाले. ‘पॉन्स’ म्हणजे लॅटिनमध्ये पूल. दोन्हीकडे सापडलेले प्रथिन एकच आहे हे नंतर ध्यानात आले. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांनी त्याला आणखी तिसरेच नाव दिले होते. दूध आणि मूत्र यांतही ते असते; मूत्रातले ऑस्टिओपाँटिन कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक वाढू देत नाही.

माणसात त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. पूर्ण लांबीच्या साखळीत ३१४ ॲमिनो अम्ले असतात. त्यांतली आर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक अम्ल ही सलग तिकडी सर्वांत महत्त्वाची, कारण पेशीच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची ग्राही प्रथिने नेमकी तिलाच पकडतात. रक्त गोठवणारे थ्रोंबिन हे विकर (एन्झाइम) या तिकडीच्या जवळच साखळी कापते आणि एरवी झाकलेली आणखी एक पकडीची जागा उघडी पडते. जखमेच्या ठिकाणी हे उपयोगाचे असते. कर्करोगाची गाठ हीच सोय स्वतःसाठी वापरते.

बहुतेक घन अर्बुदांत, म्हणजे गाठ धरणाऱ्या कर्करोगांत, रुग्णाचा जीव धोक्यात येतो तो गाठ पसरल्यावर. पसरण्यासाठी पेशीला आपल्या जागेवरून सुटावे लागते, भोवतालची जाळी कुरतडावी लागते, सरकावे लागते आणि नव्या जागी पुन्हा चिकटावे लागते. यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर ऑस्टिओपाँटिन आढळते, आणि ते तिथे नेमके करते काय, हा पुण्यातल्या संशोधनाचा गाभा होता. गोपाल कुंडू यांनी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. जीवशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना २००४ मध्ये मिळाला. त्यांच्या गटाने २००१ मध्ये उंदराच्या मेलॅनोमा (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पेशींवर दाखवले की ऑस्टिओपाँटिनचा संदेश पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनापर्यंत पोहोचतो. त्यातून पेशीच्या पटलात रुतलेले एक विकर वाढते आणि ते एमएमपी-२ या सुप्त विकराला जागे करते. एमएमपी-२ पेशींभोवतीची आधारजाळी विरघळवते. मग २००३ मध्ये मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींत याच मार्गाची दुसरी शाखा पुढे आली : पीआय-३ कायनेज व एकेटी ही संदेश पुढे नेणारी विकरे, मग एनएफ-कप्पा-बी आणि शेवटी आधारजाळी तोडायला मदत करणाऱ्या युरोकायनेज या विकराचा स्राव.

या कामाच्या पद्धती ऐकायला साध्या आहेत, पण त्यांना फार चिकाटी लागते. तबकडीत वाढवलेल्या पेशींच्या सलग थरावर पिपेटच्या टोकाने एक रेघ ओढतात आणि दोन्ही काठांवरच्या पेशी ती रेघ किती तासांत भरून काढतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. विकराचे काम पाहण्यासाठी जिलेटिन मिसळलेले जेल घेतात. विकराने जिथे जिलेटिन खाल्ले तिथे निळ्या रंगाच्या पार्श्वभूमीवर स्वच्छ पांढरा पट्टा उमटतो. साखळीतली एखादी कडी रोखली आणि पट्टा फिका झाला, तर त्या कडीचा सहभाग पक्का धरता येतो. संदेशाचा मार्ग दाखवणाऱ्या एकेका बाणाच्या आकृतीमागे अशा कित्येक पट्ट्यांची मेहनत असते.

त्यानंतर लक्ष गाठीच्या शेजाऱ्यांकडे गेले. मेलॅनोमाच्या गाठीत शिरलेल्या बृहद्भक्षी (मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या) पेशींना ऑस्टिओपाँटिन फितवते, त्यांच्यात कॉक्स-२ हे विकर वाढवते आणि त्यामुळे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, असे २०१४ मध्ये याच गटाने मांडले. गाठ एकट्या कर्कपेशींची नसते, हे सांगणाऱ्या कामांत त्याला मानाचे स्थान द्यायला हवे.

असे संशोधन पुण्यात रुजण्यामागे पेशीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, सोय आहे. हे केंद्र १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती व पेशी यांची राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झाले. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरवणे हे त्याचे आजही एक मुख्य काम आहे. भारतातील ऊतिसंवर्धनाचा आरंभीचा धागाही पुण्यापर्यंत येतो. हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यातच झाला. बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

अनेक कर्करोगांत रक्तातील ऑस्टिओपाँटिनची पातळी वाढलेली आढळते. तरीही निदानासाठी ही तपासणी नेहमीच्या वापरात आलेली नाही, कारण मूत्रपिंडाचे विकार आणि निरनिराळे दाह यांतही ती पातळी वाढते. इंटेग्रिनची पकड अडवणारे सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगात वापरून पाहिले गेले; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढवले नाही. थेट ऑस्टिओपाँटिनलाच रोखणारे औषध कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत नाही. एक गोष्ट मात्र आशा टिकवून ठेवणारी आहे : ऑस्टिओपाँटिनचे जनुकच काढून टाकलेले उंदीर १९९८ मध्ये तयार केले गेले, तेव्हा ते जगले, त्यांना पिल्ले झाली आणि त्यांची हाडेही बव्हंशी नीट वाढली; म्हणजे हे प्रथिन रोखले तरी शरीर निभावून नेऊ शकेल.