परदेशी प्रवेशातली ‘माजी विद्यार्थ्याची मुलाखत’: पार्श्वभूमी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांत, होम मैदानावर पाळणे उभे राहिलेले असताना, सोलापुरातल्या बारावीच्या मोजक्या मुलामुलींच्या मेलमध्ये एक अनोळखी नाव दिसतं. पुण्यात, बंगळुरूत किंवा थेट न्यू जर्सीत राहणारं कुणीतरी लिहितं, की तू अर्ज केलास त्या विद्यापीठात मी शिकलो, तुझ्याशी अर्धा-पाऊण तास बोलायचं आहे, कधी जमेल? अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित विद्यापीठांची अर्जाची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपलेली असते. इकडे बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली असतात. त्या एका मेलनं घराची झोप उडते. “किती मार्कांची असते?” हा वडिलांचा पहिला प्रश्न. आणि मेल आलाच नाही तर जीव आणखी खालीवर होतो. मैत्रिणीला आला, आपल्याला नाही, म्हणजे नाव कट झालं, असं घर धरून चालतं.

या भीतीमागं दोन इतिहास आहेत, एक तिकडचा आणि एक आपला. मला आपला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिकडचा आधी थोडक्यात सांगते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली जुनी विद्यापीठं मुख्यतः लेखी परीक्षेवर मुलं घेत. पास झाला तो आत. या वाटेनं पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली हुशार मुलं मोठ्या संख्येनं येऊ लागली, तेव्हा काही चालकांना ते खुपलं. बोस्टनशेजारच्या सर्वांत जुन्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांची संख्या १५ टक्क्यांवर रोखण्याचा विचार मांडला. उघड कोटा प्राध्यापकांनी मान्य केला नाही. मात्र १९२६ पर्यंत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढं आले, अर्जावर फोटो आला, आणि जे उघडपणे करता आलं नव्हतं ते आडवाटेनं साधलं गेलं. त्याच दशकात काही कॉलेजांनी गावोगावच्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना अर्जदाराला भेटून मत कळवायला सांगितलं. मुलाखतीचा जन्म असा, फारसा अभिमानाचा नाही. पुढं अर्ज देशभरातून आणि मग जगभरातून येऊ लागले, कार्यालयातल्या चार लोकांना प्रत्येकाला भेटणं अशक्य झालं, आणि बिनपगारी माजी विद्यार्थ्यांचं जाळं उभं राहिलं. आज पुण्यातून मेल पाठवणारा माणूस त्या जाळ्यातला एक धागा आहे.

आता आपल्याकडचं. आपल्या पालकांच्या मनात ‘प्रवेशाची मुलाखत’ हे शब्द आले की संशय येतो, आणि तो अगदी साधार आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९-८० च्या प्रवेशांना लेखी परीक्षेचे १०० आणि तोंडीचे ५० गुण होते. म्हणजे एकूण गुणांतला तिसरा हिस्सा तोंडी परीक्षा घेणाऱ्यांच्या हातात. लेखीत उत्तम गुण मिळवलेली मुलं तोंडीत खाली ढकलली गेली, असा दावा न्यायालयात गेला. दोन-तीन मिनिटांत मुलाखत उरकली आणि विषयाशी संबंध नसलेलंच विचारलं, अशी तक्रार होती. नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोंडीला इतकं वजन देणं मनमानीचं ठरवलं, १५ टक्क्यांहून जास्त गुण त्यासाठी ठेवू नयेत असं सांगितलं, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली.

त्या मागोमाग आपल्याकडं डोनेशनचा जमाना आला, आणि त्यावरचा उतारा म्हणून सीईटी, मेरिट लिस्ट, कॅप राउंड आले. सोलापूरच्या मध्यमवर्गानं ही पद्धत मनापासून स्वीकारली, कारण आकड्याला नातेवाईक नसतात. शेजाऱ्याचा साहेब कोण, मामा कुठल्या खात्यात, यानं कटऑफ हलत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२२ मध्ये दिल्लीतल्या एका जुन्या अल्पसंख्याक महाविद्यालयाला खुल्या जागांसाठी मुलाखत घ्यायची होती, उच्च न्यायालयानं त्या जागा फक्त सामायिक परीक्षेच्या गुणांवर भरायला लावल्या. अशा देशातला बाप “किती मार्कांची?” असं विचारतो, तेव्हा तो अडाणीपणानं विचारत नसतो. चाळीस वर्षांचा अनुभव त्या प्रश्नात असतो.

खरा गुंता शब्दाचा आहे. ‘मुलाखत’ हा शब्द अरबी ‘मुलाकात’वरून फारसीमार्गे मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ भेट. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात सरदारांची किंवा वकिलाची मुलाखत होते, तेव्हा कुणी कुणाला प्रश्नोत्तरं करत नसतं. दोघं भेटलेले असतात. सोलापुरातल्या विजापूर वेशीत आजही “मुलाखात हुई” म्हटलं तर भेट झाली एवढंच कळतं. इंग्रजी इंटरव्ह्यूही फ्रेंचमधून आला, एकमेकांना बघणं या अर्थानं. पण मराठीत वर्तमानपत्रं, सरकारी नोकऱ्या आणि कॉलेज प्रवेश यांनी हा शब्द एका टेबलाच्या दोन बाजूंना बांधून टाकला. पलीकडं तिघं बसलेले, अलीकडं एक जण, मांडीवर सर्टिफिकेटांची प्लॅस्टिकची फाइल. मुलाखत ‘द्यायची’ आणि मुलाखत ‘घ्यायची’ ही क्रियापदंसुद्धा परीक्षेचीच. त्यामुळे मुलं त्या मेलला उत्तर देताना अर्जाची भाषा वापरतात, आणि बोलताना दर वाक्याला ‘सर’.

त्यात ‘माजी विद्यार्थी’ या जोडशब्दानं भर घातली. आपल्याकडं माजी विद्यार्थी म्हणजे मेळावा, शाळेला वर्गखोली किंवा पाण्याची टाकी, व्यासपीठावर सत्कार. अशा माणसाचा शब्द संस्थेत चालतो. मग परदेशी विद्यापीठाचा माजी विद्यार्थीही वजनदारच असणार, त्याला खूश ठेवलं पाहिजे, असं घरात ठरतं. एका घरानं शेंगाचटणीची पाकिटं आणि चादर बांधून ठेवली होती, मुलाबरोबर पाठवायला. प्रेमानंच, त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण असं काही नेऊ नये, समोरच्याला ते घेता येत नाही आणि तो अवघडतो. अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देण्याची जुनी प्रथा आहे, तिच्याशीही या भेटीची गल्लत होते. ती प्रथा वेगळी, तिच्यावरचा राग योग्य आहे, आणि कॅलिफोर्नियात २०२४ च्या कायद्यानं खासगी विद्यापीठांनाही ती सप्टेंबर २०२५ पासून बंद करायला लागली. भेटायला येणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र प्रवेशाचा निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. तुमचे गुण, निबंध, शिफारसपत्रं त्यानं सहसा पाहिलेली नसतात. तो बोलून झाल्यावर पान-दीड पान लिहून पाठवतो, आणि ते पान अर्जाच्या गठ्ठ्यात इतर कागदांबरोबर जातं. ज्या विद्यापीठांत शंभरातली तीन-चार मुलंच आत जातात, तिथं त्या एका पानावर प्रवेश मिळत नाही आणि जातही नाही.

आणि मेल न येण्याबद्दल: बहुतेक विद्यापीठं स्पष्ट लिहितात, की भेट ठरते ती त्या भागात माजी विद्यार्थी किती उपलब्ध आहेत त्यावर, आणि भेट न झाल्यानं अर्जाचं नुकसान होत नाही. सोलापूरच्या मुलाला मेल न येणं यात नवल काहीच नाही.

या मुलाखतींवरचा सर्वांत मोठा वाद आपल्या मुलांच्याही कामाचा आहे. बोस्टनशेजारच्या त्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध आशियाई वंशाच्या अर्जदारांच्या बाजूनं दावा दाखल झाला, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुनावणी सुरू झाली. तिथं अर्जदाराला एक ‘वैयक्तिक’ गुणांकन दिलं जातं: स्वभाव, धैर्य, माणुसकी वगैरे. कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी आशियाई मुलांना या रकान्यात सरासरीनं गोऱ्या मुलांपेक्षा कमी लेखलं होतं. प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या गुणांकनात मात्र दोघं जवळपास बरोबरीनं होते. म्हणजे ज्यांनी मुलाला समोर बसवून ऐकलं, त्यांना तो रुक्ष वाटला नाही. ज्यांनी फक्त कागद पाहिला, त्यांना वाटला. खालच्या न्यायालयानं २०१९ मध्ये आणि अपिलात २०२० मध्ये विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला, २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि प्रवेशात वंशाचा विचार करणं देशभर बंद झालं. निकालाच्या गदारोळात मुलाखतीचं हे प्रकरण मागं पडलं, पण मी प्रत्येक मुलाला ते सांगते. “मी त्यांना आवडणार नाही” असं म्हणणाऱ्या मुलाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.

करोनापर्यंत भेटायचं म्हणजे प्रवास करायचा. सोलापुरात माजी विद्यार्थी सापडणं कठीण, म्हणून मुलं सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जात, कुठल्यातरी कॅफेत पाऊण तास बोलत आणि रात्री परत येत. बरोबर आलेले वडील रस्त्यापलीकडं थांबत. २०२० नंतर सगळं व्हिडिओ कॉलवर आलं. सोलापूरसाठी हा बदल मोठा होता, आणि माझ्या मते एकूण चांगला. त्याच वर्षी बहुतेक विद्यापीठांनी सॅटसारख्या प्रवेशपरीक्षेची सक्ती उठवली. नंतर ती एकेकानं परत आणली, बोस्टनजवळच्या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठानं मार्च २०२२ मध्ये, इतर काहींनी २०२४ मध्ये. मधल्या काळात परीक्षेचा आकडा नसल्यामुळे आपल्या घरांना मुलाखतीचा आधार वाटू लागला आणि धास्तीही वाढली.

गेल्या हिवाळ्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. घर अशोक चौकाच्या पुढं, खाली टॉवेलचे माग, वर खोल्या. कॉल रात्री नऊला ठरला होता आणि मागांची खटखट थांबेना. तिनं मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला, खिडकीला चादर लावली, आणि सुरुवातीलाच आवाजाबद्दल माफी मागितली. समोर पुण्याचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्यानं विचारलं, हा कसला आवाज? मग तिनं कांडी कशी भरतात, धागा तुटला की माग कसा थांबवायचा, वीज गेली की कामगाराचा रोज कसा बुडतो, हे सांगितलं. वीस मिनिटं त्यातच गेली. तयार करून ठेवलेली नेतृत्वगुणांची उत्तरं तशीच राहिली. त्यानं “मला नावानं हाक मार” म्हटल्यावर ती अडखळली, आणि इंग्रजी बोलता बोलता तोंडातून ‘दादा’ निघून गेलं. फोन ठेवल्यावर ती रडली, सगळं बिघडलं म्हणून. मी तिला म्हटलं, बाई, याला म्हणतात मुलाखत, जुन्या अर्थानं.

तयारी म्हणून मी एवढंच करून घेते. मेलला एका दिवसात, दोन ओळींत उत्तर. वेळ भारतीय की अमेरिकी ते त्याच मेलमध्ये लिहून टाकायचं. आईवडिलांनी दुसऱ्या खोलीत बसायचं, हे त्यांना फार जड जातं पण बसायचं. आणि त्या माणसाला विचारायचे दोन प्रश्न खरोखर स्वतःला पडलेले हवेत: पहिल्या हिवाळ्यात घरची आठवण आली तेव्हा काय केलंस, हा प्रश्न चालतो. फीचा विषय तिथं काढून उपयोग नाही, त्याच्या हातात ते नसतं. फीची चिंता खरी तर मुलाखतीपेक्षा कितीतरी मोठी आहे. परदेशी अर्जदारानं आर्थिक मदत मागितली तरी निर्णयावर परिणाम होऊ न देणारी विद्यापीठं अमेरिकेत मोजकीच आहेत. बाकी ठिकाणी मदतीच्या रकान्यात ‘हो’ लिहिल्यानं संधी कमी होते. हा निर्णय अर्ज भरतानाच, ऑक्टोबरमध्ये, घरानं एकत्र बसून घ्यावा लागतो.

अलीकडं चित्र पुन्हा बदलतंय. न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या विद्यापीठानं २०२३-२४ च्या प्रवेशांपासून माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंद केल्या. प्रॉव्हिडन्समधल्या एकानं त्याऐवजी अर्जदाराचा छोटा व्हिडिओ मागायला सुरुवात केली. फिलाडेल्फियातल्या एकानं नावच बदलून ‘संभाषण’ केलं. काही ठिकाणी मुलाखत उरली आहे, पण ज्यांच्याबद्दल कार्यालयाला आणखी जाणून घ्यायचंय अशांनाच आधी बोलावतात. शंभर वर्षांपूर्वीचा जन्म पाहता काही ठिकाणी ती बंद झाली याचं दुःख करू नये, असं म्हणणारे आहेत. मला व्हिडिओची जास्त धास्ती वाटते, कारण व्हिडिओत समोर “हा कसला आवाज?” असं विचारणारं कुणी नसतं, आणि चांगला कॅमेरा नि शांत खोली असलेल्या घराचा तो खेळ होतो.

निकाल मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लागतात, तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या संध्याकाळी सातला. तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. त्या मुलीनं घरी कुणालाच उठवलं नाही, एकटीनं जिन्यात बसून पान उघडलं. तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. खाली माग सुरूच होते.