डिस्टेंपर की इमल्शन? घर रंगवायच्या आधी एवढं बघा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगाच्या दुकानात गेलं की काउंटरवर दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. दोन्हींवर 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलेलं, दोन्ही पाण्यात कालवायच्या, दोन्ही घराच्या आतल्या भिंतींसाठी. एकीवर डिस्टेंपर, दुसरीवर इमल्शन. एशियन पेंट्स तर 'ट्रॅक्टर' या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकते. पेंटरला नुसतं 'ट्रॅक्टर मारा' म्हणालात, तर भिंतीवर काय चढेल हे तो ठरवणार. आणि तो बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: "वहिनी, ओबीडी मारून टाकू, स्वस्तात होईल."

ओबीडी म्हणजे ऑइल बाउंड डिस्टेंपर. आज बाजारात मिळतं ते बहुतांशी अ‍ॅक्रिलिकवर बांधलेलं असतं, पण जुनं नाव पेंटरच्या तोंडून काही जात नाही. इमल्शनला तो 'प्लास्टिक पेंट' म्हणतो.

दोन्ही बादल्यांत पाहिलं तर माल तोच. रंगद्रव्य, खडूसारखा भराव, सगळं एकत्र धरणारा बाइंडर आणि पाणी. फरक प्रमाणात आहे. डिस्टेंपरमध्ये भराव भरपूर आणि बाइंडर बेताचा. त्यामुळे वाळल्यावर कणांच्या मधे बारीक मोकळी जागा राहते, पृष्ठभाग सच्छिद्र होतो. तेलाचा हात लागला की तेल आत मुरतं. डाग पुसायला गेलात तर डागाबरोबर थोडा रंगही फडक्यावर येतो. इमल्शनमध्ये बाइंडर जास्त असतो. पाणी उडून गेलं की त्याचे कण एकमेकांत मिसळून भिंतीवर सलग पापुद्रा धरतात. डाग त्या पापुद्र्यावर बसतो, आत जात नाही. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोनेही दोन्हींना वेगळे क्रमांक दिलेत: धुता येणाऱ्या डिस्टेंपरसाठी आयएस 428, प्लास्टिक इमल्शनसाठी आयएस 15489. डब्यावर नाव कितीही भारदस्त असलं तरी बारीक अक्षरात हा आकडा सापडला, की हातात काय आहे ते कळतं.

'वॉशेबल' हा शब्द मात्र जपून घ्यावा. तो आला तेव्हा त्याला अर्थ होता. त्याआधी लोक चुना लावत नाहीतर सुकं डिस्टेंपर, म्हणजे सरसात कालवलेली खडूची भुकटी. भिंतीला पाठ टेकली की शर्ट पांढरा व्हायचा. दुसऱ्या टोकाला महागडे प्लास्टिक रंग होते. 1950च्या दशकात एशियन पेंट्सनं ट्रॅक्टर डिस्टेंपर या दोन्हींच्या मधली पायरी म्हणून आणलं. आजही ते मधली पायरीच आहे. धुता येतं म्हणजे ओल्या फडक्यानं हलकं पुसता येतं, तेही मोजक्या वेळा. स्वयंपाकघरात फोडणीचे शिंतोडे घासायला गेलात तर तेवढ्या जागेचा रंग फिका पडलेला दिसेल.

आता पैशांचं. इथे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं, आणि कुणी फसवत नसताना फसतं. डिस्टेंपर किलोवर मिळतं, इमल्शन लिटरवर. 20ची बादली आणि 20ची बादली असा हिशेब मनात पटकन होतो, पण डिस्टेंपर जड असतं. लिटरभर डिस्टेंपर दीड किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं. म्हणजे 20 किलोच्या बादलीत रंग असतो साधारण 13 लिटर. बादल्यांच्या किमती एकमेकींशी ताडून बघण्यात अर्थ नाही. डब्यावर छापलेलं कव्हरेज बघावं: एका किलोत किंवा लिटरमध्ये किती चौरस फूट, आणि ते एका हाताचं की दोन हातांचं. त्यावरून चौरस फुटाचा भाव काढावा. छापलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, आपल्या भिंतीला रंग थोडा जास्तच लागणार हे धरून चालायचं.

खोलीचं क्षेत्रफळ काढतानाही घोळ होतो. 10 बाय 12ची खोली, उंची 10 फूट. चटईक्षेत्र 120 चौरस फूट, पण रंगायचं त्याहून कितीतरी जास्त: चार भिंती मिळून 440, वर छत 120, एकूण 560. दार आणि खिडकी वजा केली तरी 520च्या घरात. पेंटर चौरस फुटाचा भाव सांगतो तो या आकड्यावर, आणि आपण मनात धरून बसतो 120.

या 520 फुटांवर खरवडणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, काचपेपर मारणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात ही सगळी मेहनत दोन्ही रंगांना लागतेच. मजुरीत फरक पडतो तो थोडासा. म्हणजे डिस्टेंपर घेऊन वाचतात ते फक्त मालाचे पैसे, आणि रंगकामाच्या बिलात माल हा एक भाग असतो, सगळं बिल नव्हे. स्वतःच्या घरात, जिथे चार-पाच वर्षं पुन्हा रंग काढायचा नाही, तिथे भिंतींना सगळ्यात स्वस्त इमल्शन घ्यावं आणि छताला डिस्टेंपर, असं माझं मत. छताला कुणी हात लावत नाही, शाळेची बॅग घासत नाही. तिथे महागाचा रंग फुकट.

भाड्याचं घर असेल तर गणित बदलतं. 11 महिन्यांचा करार, मालक एक पैसा देणार नाही, तेव्हा डिस्टेंपरचे दोन हात मारून खोली उजळ करणं अगदी शहाणपणाचं. फक्त भिंतीवर आधी काय आहे ते बघून घ्या.

ते बघायची रीत सोपी आहे. आधी कोरडा तळहात भिंतीवर घासा. पांढरी भुकटी लागली तर चुना किंवा सुकं डिस्टेंपर. हात स्वच्छ राहिला तर ओला फडका घेऊन एकाच जागी पंधरा-वीस वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर डिस्टेंपर, नाही लागला तर बहुधा इमल्शन. जुन्या ऑइल पेंटचाही रंग लागत नाही, पण तो चकाकतो, लगेच ओळखू येतो. पेंटर घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर हे करावं. "दादा, जरा ओला फडका मारून बघू" म्हटलं की पुढची बोलणी जरा जपून होतात.

कारण खरा खर्च तिथे दडलेला असतो. भुकटी सुटणाऱ्या भिंतीवर थेट इमल्शन मारलं, तर ते भिंतीला नाही, भुकटीला चिकटतं. काही महिन्यांत पोपडे सुटतात आणि दोष रंगाच्या कंपनीला जातो. जुनं डिस्टेंपर पूर्ण खरवडून, प्रायमर लावूनच इमल्शन चढवायचं. खरवडायची मजुरी वेगळी. डिस्टेंपरवर पुन्हा डिस्टेंपर चढवत गेलं तर थर जाड होत जातात आणि कधीतरी सगळे एकदम उतरवावे लागतात. भिंतीवर शाबूत इमल्शन असेल, तर धूळ-तेलकटपणा धुवायचा, हलका काचपेपर मारायचा आणि नवे दोन हात द्यायचे. पहिल्या वेळचे जास्तीचे पैसे असे दुसऱ्या वेळी परत येतात.

ओल असेल तर दोन्ही सारखेच निरुपयोगी, फक्त निकाल वेगवेगळा दिसतो. इमल्शनच्या पापुद्र्यामागे पाणी अडकलं की फुगे येतात. डिस्टेंपरवर आधी डाग, मग बुरशी, मग भुगा. गच्ची नाहीतर बाथरूमच्या पाइपाचं काम झाल्याशिवाय आणि भिंत कोरडी झाल्याशिवाय डबा उघडूच नये. कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात, पावसाळाभर ओल धरणाऱ्या भिंतींना आजही चुनाच बरा. भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडत राहते. नवा गिलावा असेल तर त्याला निदान 28 दिवस द्या. दिवाळी आली म्हणून सिमेंट लवकर वाळत नाही.

रंगछटांच्या बाबतीत मात्र बरोबरी नाहीच. डिस्टेंपर फिक्या छटांपुरतंच ठीक. एवढ्या पांढऱ्या भरावात गडद जांभळा किंवा मोरपंखी उठूनच येत नाही, आणि स्टेनर, म्हणजे छटा आणायला वरून घालायचा दाट रंग, ओतत राहिलं तर रंग हाताला लागायला लागतो. शिवाय स्टेनर पेंटर नजरेनं घालतो. तो शेड पुन्हा कधीच जुळत नाही. इमल्शन दुकानातल्या मशीनवर कोड टाकून बनतं, चार महिन्यांनी गेलात तरी जवळपास तेच मिळतं. कमी पैशात खोलीचा चेहरा बदलायचा असेल, तर तीन भिंती फिक्या आणि चौथीच गडद. त्या चौथीला दोन-तीन लिटर पुरतात. चौथी निवडताना गॅलरीतून तिरपा उजेड पडणारी भिंत टाळा. गडद रंगात त्यावरचा लांबीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. चकाकणाऱ्या इमल्शनमध्ये तर अजूनच. भिंत वेडीवाकडी असेल तर मॅटच घ्या. मॅट स्वस्तही असतं.

दोन्हींत फरक बाइंडरचा आहे, हे खादीच्या 'प्राकृतिक पेंट'वरूनही दिसतं. 12 जानेवारी 2021 रोजी नितीन गडकरींनी तो बाजारात आणला. मूळ कच्चा माल शेण, तरी प्रकार दोन काढावे लागले, डिस्टेंपर आणि इमल्शन. सुरुवातीचे भाव होते लिटरला 120 आणि 225 रुपये.

शिसं दोन्हींत नको. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम 1 नोव्हेंबर 2017पासून लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख नसेल, विशेषतः सुट्या आणि अनोळखी मालावर, तर तो डबा परत ठेवावा.

काम संपल्यावर पेंटर उरलेला रंग पाणी घातलेल्या अवस्थेत ठेवून जातो. तो उन्हाळ्यात सडतो आणि घरभर वास सुटतो. म्हणून पहिल्याच दिवशी, पाणी घालायच्या आधी, अर्धा लिटर इमल्शन घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवा आणि झाकणावर शेडचा कोड, खोली आणि तारीख लिहा.