पुणे ते न्यूयॉर्क : किती किलोमीटर, किती तास?

भिंतीवरच्या नकाशावर पुणे आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेने विमान नेले तर सुमारे १४,३०० किलोमीटर पडतील. गोलावरची सर्वांत जवळची वाट मात्र पुण्याहून बरीच उत्तरेकडे सुटते, मध्य आशिया, रशिया, आइसलँड असा वळसा घेते आणि १२,६०० किलोमीटरांतच पोहोचते. खोटे वाटत असेल तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर, आणि दोरा ३० सेंटिमीटरला जरा कमीच भरतो.

गणिताने काढायचे तर पुणे १८.५ उत्तर, ७३.९ पूर्व आणि न्यूयॉर्क ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. ही बेरीज ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन ११३.७ अंश येतो; त्याला १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात. एक्सेलमध्ये करणारे हमखास दोन ठिकाणी फसतात. एक, एक्सेलला कोन अंशांत नव्हे, रेडियन या दुसऱ्या एककात लागतात. दुसरे, पश्चिम रेखांशाचे उणे चिन्ह राहिले की न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसते आणि अंतर अडीच हजारांच्या आत येते!

वेळेचे गणित इतके सरळ नाही. लांब पल्ल्याची विमाने ध्वनीच्या साधारण ०.८५ पट वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने उडतात. वारा नसेल तर १४ तास. पण वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. सरासरी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर पावणेसोळा तास लागतात, पाठीमागून आला तर बारा तास छत्तीस मिनिटे. जाताना पावणेदोन तास गेले, येताना दीड तासही वाचला नाही. कारण उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो. शिवाय वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची, त्यामुळे धावपट्टीकडे जाणे-येणेही तिच्यात धरलेले असते. हवाई हद्दींचा प्रश्न वेगळाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर अमेरिकेच्या वाटेला वळसा पडला.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची. इंधनाने गच्च भरलेल्या मोठ्या विमानाला ती अपुरी पडते, त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, म्हणजे हवा विरळ. म्हणून आधी मुंबई गाठणे आले. रात्री १ चे विमान असेल तर १० वाजता विमानतळावर हवे. बोरघाटातल्या कोंडीचा हिशेब धरता पुण्यातून साडेपाचला निघालेले बरे. १६ तासांनी उतराल तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेसहा वाजलेले असतील. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे तासभर पुढे असतात, तेव्हा साडेसात. घ्यायला येणाऱ्यांना तीच वेळ कळवा.